पीस वर आहे, म्हणजे महाराज आत आहेत

एका जंगलात, बालमित्रांनो, एक गुहा होती.

त्या गुहेत एक सिंह राहत असे. पण गोष्ट गुहेची आहे, म्हणून आधी गुहेचं सांगतो. सिंहाला जरा थांबू द्या. त्याला पुढे या गोष्टीत पुष्कळ थांबायचं आहे, सवय झालेली बरी.

गुहा तशी काही फार चांगली नव्हती. आत ओल होती. वटवाघळांचा वास होता. दारातून आत शिरलं की तिसऱ्याच पावलाला छताचा एक दगड खाली आलेला होता आणि त्यावर सिंहाच्या चार पिढ्यांनी डोकं आपटून घेतलं होतं. तो दगड फोडायचं दरवर्षी ठरायचं आणि ऐतिहासिक आहे म्हणून दरवर्षी राहायचं.

पण बाहेरून बघावं तर काय रुबाब. उंच टेकडी, माथ्यावर काळाभोर जबडा आणि जबड्यासमोर मोठी सपाट शिळा. खाली ओढ्यावर पाणी पिणारा प्राणी मध्येच मान वर करायचा, गुहा जागेवर आहे ना, ते बघायचा आणि पुन्हा प्यायला लागायचा. गुहा आहे म्हणजे राज्य आहे, असं सगळे म्हणत. राज्य म्हणजे नेमकं काय, ते कोणालाच सांगता आलं नसतं. तुम्हालाही येणार नाही. हात खाली करा.

आता पिसाचं ऐका.

सिंहाचे पणजोबा राजा होते, तेव्हाची गोष्ट. प्राणी गाऱ्हाणी घेऊन धापा टाकत टेकडी चढायचे आणि वर गेल्यावर कळायचं की महाराज शिकारीला गेलेत. प्राणी कुरकुरू लागले. पणजोबा म्हणाले, "मी घरात असलो की दारावरच्या फटीत मोराचं पीस खोचत जा. बाहेर गेलो की काढा. म्हणजे कोणाची चढण फुकट जायला नको." इतकी साधी सोय. आपण नाही का, दूधवाल्यासाठी दाराला पिशवी अडकवून ठेवत.

पण साधी सोय राजाच्या दारात तीन पिढ्या टिकली की तिचा रिवाज होतो. आमच्या सिंहाच्या वेळेपर्यंत असं झालं होतं, की पीस फक्त देवडीवरच्या साळिंदराने खोचायचं, तेही मागच्या दोन पायांवर उभं राहून. महाराज पुढच्या दाराने आत शिरले की खोचायचं. महाराज पुढच्या दाराने, साळिंदराच्या डोळ्यांदेखत, बाहेर पडले की काढायचं. पीस वर असताना महाराजांच्या परवानगीशिवाय आत कोणी पाऊल टाकायचं नाही. खालून येणाऱ्याजाणाऱ्याने पिसाला मुजरा करायचा. चार पायांच्या प्राण्याने मुजरा कसा करायचा, याचे अठरा नियम होते आणि ते सगळे घोरपडबाईंना पाठ होते. घोरपडबाई रिवाजखात्याच्या प्रमुख. एकदा नियम पकडला की त्या सोडत नसत. जातच तशी.

राजाचं नाव उग्रनाद महाराज. तापट होता, पण सिंहाने तापट व्हायचं नाही तर काय सशाने? प्रजेवर त्याचं प्रेम होतं. अधूनमधून प्रजेपैकी एखाद्याला तो घरी जेवायलाही नेत असे.

त्याची राणी शेवंतादेवी. त्या हिवाळ्यात राणीला दोन बछडे झाले होते. डोळे नुकतेच उघडलेले. दोघं बापाच्या शेपटीवर डोकं ठेवून झोपायचे आणि ते झोपलेले असले की महाराज तासन्‌तास शेपूट हलवत नसत. माशी बसली तरी नाही. राजाला असलं काही आवडतं हे चारचौघांत सांगायचं नसतं, म्हणून तुम्हीही सांगू नका.

एके दिवशी काय झालं, रानडुकरांचे म्होरके मुसंडे पाटील चाळीस रानडुकरं घेऊन वर आले आणि शिळेवर ठाण मांडून बसले. कंदांच्या रानात अस्वलं घुसतात, हे त्यांचं गाऱ्हाणं. महाराजांनी ते पहिल्या दिवशी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा ऐकलं. तिसऱ्या दिवशी ते आतल्या कोपऱ्यात जाऊन झोपल्याचं सोंग घेऊन पडले.

राणी म्हणाली, "अहो, घरात खायला काही नाही. मला दूध उतरत नाहीये. जाऊन या ना बाहेर."

"बाहेर मुसंडे बसलाय."

"मग मागच्या फटीतून जा."

"राजा कधी मागच्या फटीतून जातो का?"

"मग राजाची पोरं उपाशी झोपतात का?"

महाराज मागच्या फटीत शिरले. मध्येच अडकले. राणीसाहेबांनी मागून डोकं लावून ढकललं तेव्हा ते बाहेर पडले. साळिंदर पुढच्या दारात होतं. पीस वर होतं. ते वरच राहिलं.

महाराजांना ओढ्याकाठी एक म्हातारं सांबर भेटलं. त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. चव बघता बघता अर्धं सांबर तिथेच संपलं, उरलेलं तोंडात धरून ते मागच्या फटीशी आले. पण भरल्या पोटाचा सिंह त्या फटीत कसा मावणार? डोकं गेलं, बाकीचा राजा बाहेर राहिला. शेवटी ते वळसा घालून पुढच्या दाराशी गेले.

देवडीवर काटेराव साळिंदर उभं होतं. पिढीजात पहारेकरी.

"बाजूला हो, काटेराव," महाराज म्हणाले.

काटेरावाने अदबीने मुजरा केला. मग मान वर करून पिसाकडे बघितलं. "आत जाता येनार न्हाई. म्हाराज आत हायेत."

"कोण महाराज?"

"आपले उग्रनाद म्हाराज."

"अरे, मी कोण मग?"

"तुमी उग्रनाद म्हाराज," काटेराव म्हणाला. "वळकतो की मी. तुमच्या आज्याच्या पंजात माज्या आज्याचा काटा गेला हुता, तवापासून वळख हाय आपली."

"मग मला आत सोड."

"पीस वर हाय. म्हंजे म्हाराज आत हायेत. त्यांची परवानगी लागंल."

"मग पीस खाली काढ."

"म्हाराज भाईर पडल्यावर काढायचं असतं."

"मी बाहेर पडलोय. हा काय तुझ्यासमोर उभा आहे."

"उबे हायेत. पर भाईर पडताना मी न्हाई बगितलं." काटेराव खरोखर दुःखी दिसत होता. "मी बगितलं असतं तर लगेच काढलं असतं. माजं काय जातंय?"

घोरपडबाईंना बोलावलं गेलं. त्या आल्या, त्यांनी महाराजांना मुजरा केला, पिसाला मुजरा केला आणि डोळे मिटून विचार केला.

"पेच कठीण आहे," त्या म्हणाल्या. "महाराजांनी प्रथम आत जाऊन, नंतर रीतसर बाहेर पडावं. म्हणजे पीस उतरवता येईल. मग महाराजांना आत जाता येईल."

"पण मला आधी आत जाऊ देत नाहीयेत."

"साहजिक आहे. पीस वर आहे."

एवढ्यात आवाज ऐकून राणीसाहेब दारात आल्या. "अहो घोरपडबाई, आत कोणी नाही. मी आहे आणि पोरं आहेत. हे बाहेर गेले होते."

घोरपडबाईंनी नम्रपणे मान हलवली. "क्षमा असावी, राणीसाहेब. थोरले महाराज घरात बसून आपल्या आजेसासूबाईंना 'ते बाहेर गेलेत' असं सांगायला लावत. महाराजांच्या ठावठिकाण्याबाबत राणीसाहेबांचा शब्द तेव्हापासून धरला जात नाही."

मग महाराज चिडले. चिडून त्यांनी डरकाळी फोडली. चार पाखरं उडाली. शिळेवर पेंगणारे मुसंडे पाटील जागे झाले.

"बरी हाय," मुसंडे म्हणाले. "पर म्हाराजांची घुमती. ही नुसती येती आन जाती."

ते खरं होतं. उभ्या आयुष्यात महाराजांनी डरकाळी फोडली ती गुहेतूनच. ती सगळ्या रानावर घुमत जायची ती गुहेमुळे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तुम्ही विचाराल, सिंहच तो, एक पंजा का नाही मारला? एक तर साळिंदराला पंजा मारून बघा म्हणजे कळेल. आणि दुसरं कारण असं, की गेल्याच साली एक बिबट्या पीस वर असताना आत डोकावला होता आणि खुद्द महाराजांनीच त्याला रानाबाहेर हाकललं होतं. महाराजांचा त्या पिसावर विश्वास होता. इतका, की देवडीवर उभ्या उभ्या त्यांच्या लक्षात आलं, आपणही येताना पिसाला मान लववली. आणि गुहेतल्या अंधाराकडे बघताना क्षणभर त्यांनाही वाटलं की आत कोणीतरी आहे. त्यांना स्वतःचाच धाक वाटला.

राणीसाहेबांनी सांबर ओढून आत नेलं. मांस अडवायचा नियम नव्हता. महाराज टेकडीच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीत जाऊन बसले. एक-दोन दिवसांत काहीतरी मार्ग निघेल, असं ते राणीला म्हणाले. सगळे असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मुसंडे पाटलांनी गुहेच्या तोंडाशी उभं राहून आपलं गाऱ्हाणं पुन्हा सांगितलं. "म्हाराज, कंदांचं रान आमाला द्या. कसं?"

आतून काही आवाज आला नाही. राणीसाहेब मागच्या कोपऱ्यात पोरांना पाजत होत्या.

"महाराज नाही म्हणाले नाहीत," घोरपडबाई म्हणाल्या. "मौन म्हणजे संमती. मंजूर."

मुसंडे पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन पिढ्यांत पहिल्यांदाच कोणी त्यांचं ऐकून घेतलं होतं आणि वर ओरडलंही नव्हतं. दुपारी अस्वलं आली. त्यांनी तेच रान मागितलं. महाराज त्यांनाही काही बोलले नाहीत. अस्वलंही खूश होऊन गेली. रान एकच होतं, पण आनंद दोघांनाही झाला, आणि राज्यकारभारात आनंदालाच महत्त्व असतं.

बातमी पसरली. रोज रांग लागू लागली. माकडांनी झाडं मागितली, मिळाली. कोल्ह्याने पदवी मागितली, मिळाली. भेकरांनी मागितलं, की महाराजांनी आम्हाला जेवायला नेऊ नये. महाराज गप्प राहिले. असा राजा झाला नाही, असं जो तो म्हणू लागला. पूर्वी काय तापट होते. वयाने माणूस निवळतो, तसा सिंहही निवळतो, असं ओढ्यावर बोललं जाई. करवंदीच्या जाळीतून महाराज हे ऐकत. आपली एवढी स्तुती त्यांनी कधीच ऐकली नव्हती. ऐकून त्यांना थोडं बरंही वाटे, हे मी लपवणार नाही.

थंडी वाढली. महाराजांना पडसं झालं. राणीसाहेब रोज जाळीशी येऊन जात. बाहेर पडायला त्यांना बंदी नव्हती, त्यांच्यासाठी पीस नव्हतं.

"धाकटा रोज तुमची शेपूट शोधतो," राणी एकदा म्हणाली. "अंधारात हात फिरवत बसतो. मग माझ्याच पायावर झोपतो."

महाराजांनी आपली शेपूट पायाखाली ओढून घेतली.

"सोडा ती गुहा. मी पोरांना इकडेच घेऊन येते."

"आणि राज्य?"

"राज्य चाललंय की. तुमच्यावाचून काही अडलंय का कोणाचं?"

ते महाराजांना लागलं. त्यांनी ठरवलं, फटीत मावेपर्यंत उपास करायचा. त्यांनी आठ दिवस काही खाल्लं नाही. बरगड्या मोजता येऊ लागल्या तेव्हा ते मागच्या फटीशी गेले. फट मोठमोठे धोंडे लावून बुजवलेली होती. बाहेर एक तोतया हिंडतोय असं कानावर आल्यामुळे घोरपडबाईंनी ती बुजवायची आज्ञा घेतली होती. महाराजांना विचारूनच घेतली होती. ते नको म्हणाले नव्हते.

महाराज धोंड्यांपाशी बराच वेळ बसून राहिले. पलीकडून बछड्यांचं कुईंकुईं ऐकू येत होतं. त्यांना रडू आलं. आणि रडता रडता एक युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रांगेत उभे राहिले. पुढे दोन ससे आणि एक मुंगूस होतं. त्यांचा नंबर आला तेव्हा ते गुहेकडे तोंड करून म्हणाले, "महाराज, मला आत यायची परवानगी द्या."

आतून काही आवाज आला नाही.

घोरपडबाई चपापल्या. त्यांनी नियम आठवून बघितले, उलटे आठवून बघितले. पण मौन म्हणजे संमती, हे त्यांचंच वाक्य होतं. "मंजूर," त्या म्हणाल्या. "काटेराव, अर्जदाराला आत सोडा. अर्जदाराने वाकून जावं."

महाराज वाकून आत गेले. वाकून गेल्यामुळे त्या दगडाला त्यांचं डोकं लागलं नाही. चार पिढ्यांत पहिल्यांदाच.

आत काय झालं ते काय सांगू? धाकट्याने आधी वास घेतला. मग तो धडपडत शेपटीपर्यंत गेला आणि तिच्यावर डोकं टेकून लगेच झोपला. थोरला त्याला ढकलून बाजूला झोपला. राणीने महाराजांचं वाळलेलं अंग चाटलं. "आता गप पडून राहा," ती कुजबुजली. "काही बोलू नका. पोरं आहेत, मी आहे. बस झालं."

शहाणा नवरा असता तर गप राहिला असता. पण हा राजा होता. महाराज उठले, दाराकडे तोंड केलं आणि त्यांनी जी डरकाळी फोडली ती टेकडीवरून ओढ्यापर्यंत घुमत गेली.

"मी उग्रनाद बोलतोय. ते पीस उतरवा. मागची फट उघडा. आणि आजवर जे जे मंजूर झालंय ते सगळं रद्द."

बाहेर रांग जागच्या जागी थिजली. ससे पळाले. मुसंडे पाटलांचा चेहरा पडला. अस्वलांचाही पडला. कोल्ह्याने आपली पदवी घट्ट धरली.

"ह्यो आवाज म्हाराजांचा वाटतो," काटेराव हळूच म्हणाला. "घुमतो बी."

"मुळीच नाही," घोरपडबाई म्हणाल्या. "महाराज बोलत नाहीत. दोन महिने सगळं रान ऐकतंय, महाराज बोलत नाहीत. हा आत गेलेला अर्जदार ओरडतोय. महाराजांच्या शांततेचा भंग होतोय."

हे सगळ्यांना पटलं. पटणं सोयीचं होतं. पण पीस वर असताना परवानगीशिवाय आत शिरायचं कसं? तेव्हा घोरपडबाई शिळेवर पुढे झाल्या. "महाराज, या अर्जदाराला बाहेर काढायला आम्ही आत यावं का?"

"खबरदार," आतून डरकाळी आली.

घोरपडबाईंनी थोडं थांबून कान दिला. "अर्जदार बोलतोय. महाराज काही बोलत नाहीत. मंजूर."

चाळीस रानडुकरं आणि अकरा अस्वलं आत शिरली. पुढे काटेराव, काटे फुलवून. महाराज आठ दिवसांचे उपाशी, त्यात पडसं झालेलं. तरी ते लढले असते. पण गुहा अरुंद होती, पाठीशी बछडे होते आणि एवढे सुळे अंधारात कुठेही लागू शकत होते. राणीने थोरल्याला मानेला धरून उचललं आणि महाराजांकडे बघितलं. महाराजांनी धाकट्याला उचललं. तोंडात पोर असलं की कोणालाच डरकाळी फोडता येत नाही.

अशा रीतीने उग्रनाद महाराज पुढच्या दाराने, काटेरावाच्या डोळ्यांदेखत, बाहेर पडले.

काटेराव सवयीने मागच्या दोन पायांवर उभा राहिला. त्याचा पंजा पिसापर्यंत गेला. दोन महिने तो याच क्षणाची वाट बघत होता. त्याने घोरपडबाईंकडे बघितलं.

"अर्जदार आहे तो," घोरपडबाई म्हणाल्या. "काम झालं, गेला."

काटेरावाने पंजा खाली घेतला. महाराज क्षणभर त्याच्यासमोर थांबले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण पोर खाली ठेवलं असतं तर थंड शिळेवर ठेवावं लागलं असतं. ते तसेच टेकडी उतरून गेले.

पलीकडच्या उतारावर त्यांना एका खडकाखाली जागा मिळाली. कोरडी, हवेशीर, वटवाघळं नाहीत. राणीसाहेब म्हणाल्या, "हे आधीच करायला हवं होतं." बछडे वाढले. कंदांच्या रानात रानडुकरं आणि अस्वलं रोज मारामाऱ्या करत आणि मारामारी झाली की दोघंही गुहेसमोर जाऊन न्याय मागत. दोघांनाही न्याय मिळे. शेजारच्या रानातला वाघ एकदा हे राज्य घ्यायला सीमेपर्यंत आला होता, पण महाराज सदैव घरातच असतात हे कळल्यावर घाबरून परत गेला.

पुढच्या हिवाळ्यात एकदा सिंह धाकट्याला घेऊन ओढ्यावर आला. पाणी पिता पिता पोराने मान वर केली.

"बाबा, तिथे कोण राहतं?"

"महाराज राहतात," सिंह म्हणाला. "मान खाली घाल. असं नाही, पुढचा डावा पाय वाकव. हां, असं."

पोराने मुजरा केला. सिंहानेही केला.

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

सिंहाने वाकवलेला पाय सरळ केला.

"एकदा गेलो होतो अर्ज घेऊन," तो म्हणाला. "घरातच होते. पण भेट नाही झाली."

तात्पर्य : राजाने घराबाहेर पडताना पुढच्याच दाराने पडावे. प्रजेने गुहा झाडूनपुसून ठेवावी, पीस दरवर्षी नवे खोचावे आणि आत कोण आहे ते बघायला जाऊ नये. असा राजा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. सिंहाची चिंता करू नये. त्याला हळूहळू करवंदे आवडू लागतात.